परत पाठवणारं प्राणिसंग्रहालय

एखादं प्राणिसंग्रहालय चांगलं की वाईट, हे कशावरून ठरवायचं? आमच्या वर्गात विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं आहे: आत किती प्राणी आहेत यावरून. सिंह, हत्ती, जिराफ, पाणघोडा असं सगळं असलं की पैसे वसूल. या मापाने दार्जिलिंगचं पद्मजा नायडू हिमालयीन प्राणी उद्यान सरळ नापास होतं. तिथे सिंह नाही, हत्ती नाही, जिराफ नाही. तरीही मी आजवर पाहिलेल्यांत मला तेच सर्वांत चांगलं वाटतं. कारण प्राणिसंग्रहालयाला गुण द्यायचे तर आत किती आहेत हे मोजून नव्हे, तिथून किती जण आपल्या जंगलात परत गेले हे मोजून द्यायला हवेत, असं माझं मत आहे.

गेल्या ऑक्टोबरात आमची शैक्षणिक सहल दार्जिलिंगला गेली होती. सगळ्यांना ओढ होती ती हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटची, म्हणजे एचएमआयची. एव्हरेस्ट सर झाल्यानंतर पुढच्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १९५४ रोजी, ही संस्था सुरू झाली. तेनसिंग नोर्गे तिथे प्रशिक्षणाचे प्रमुख होते आणि त्यांचा पुतळाही तिथेच आहे. एचएमआय आणि प्राणी उद्यान एकाच टेकडीवर आहेत. दोन्हींचं फाटक एक आणि तिकीटही एक. त्यामुळे बहुतेकांच्या लेखी प्राणी उद्यान म्हणजे एचएमआयकडे जाताना लागणारी वाट, एवढंच होतं. चाळीस मिनिटांत आम्ही ते 'उरकलं'. "अरे, सिंहसुद्धा नाही?" असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "यापेक्षा आमचं कात्रज भारी." हा लेख त्या दोघांना दिलेलं उत्तर आहे. दोघेही माझे मित्र आहेत आणि दोघेही हे मराठी पान वाचतात.

आधी या जागेची ओळख. १४ ऑगस्ट १९५८ रोजी हे उद्यान सुरू झालं. पुढे १९७५ मध्ये त्याला पद्मजा नायडू यांचं नाव देण्यात आलं. त्या सरोजिनी नायडूंच्या कन्या आणि पश्चिम बंगालच्या राज्यपाल होत्या. उद्यान सुमारे सात हजार फुटांवर आहे आणि क्षेत्रफळ साधारण ६७ एकर. तिथे दिसतात ते मुख्यतः हिमालयातले प्राणी: लाल पांडा, हिमबिबट्या, तिबेटी लांडगा, हिमालयीन काळं अस्वल, लामचित्ता, भरल, घोरल, मोनाल. यातली अर्धी नावं आपण कधी ऐकलेलीही नसतात. आफ्रिकेतला जिराफ आपल्याला पहिलीतल्या तक्त्यापासून माहीत असतो. पण ज्या हिमालयाचं नाव राष्ट्रगीतात आहे, त्याच्या अंगाखांद्यावर राहणारा भरल कसा दिसतो ते विचारलं की वर्ग गप्प.

लाल पांडाचंच घ्या. पांडा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो चीनचा काळापांढरा. पण शास्त्रज्ञांनी लाल पांडाला नाव दिलं १८२५ मध्ये, आणि तो मोठा पांडा त्यांच्या नोंदीत आला १८६९ मध्ये. म्हणजे मूळ पांडा हा आपला, चीनचा नंतरचा. मांजरापेक्षा थोडा मोठा, तांबूस केसांचा, पट्टेदार झुपकेदार शेपटीचा हा प्राणी बांबूची पानं खाऊन जगतो. अस्वलाशी त्याचं जवळचं नातं नाही, मांजराशीही नाही. त्याचं कुळच वेगळं. तो सिक्कीमचा राज्यप्राणी आहे आणि जगभर धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीतही आहे. आम्ही गेलो तेव्हा तो फांदीवर पोट टेकून, चारही पाय खाली सोडून झोपला होता. प्रेपच्या तासाला शेवटच्या बाकावर जे चालतं, अगदी तसं.

आता पहिला मुद्दा. प्राणी जिथला, तिथेच त्याचं संग्रहालय असावं. दार्जिलिंगमध्ये हिमबिबट्याला थंडी विकत आणून द्यावी लागत नाही. हवा त्याची, धुकं त्याचं, उतार त्याचा. याउलट आपल्या मुंबईत, भायखळ्याच्या राणीच्या बागेत, २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. हा पक्षी मूळचा पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा. त्याच्यासाठी काचेमागे यंत्रांनी थंड ठेवलेली जागा बांधावी लागली. त्याच वर्षी त्यातला एक पेंग्विन दगावला. बाकीच्यांची तिथे काळजी घेतली जाते आणि मुलांना ते फार आवडतात. माझ्या धाकट्या बहिणीलाही आवडतात. पण त्यांना पाहून आपल्याला मुंबईविषयी, कोकणाविषयी किंवा सह्याद्रीविषयी काय कळतं? आणि त्यांची पिल्लं मोठी होऊन कुठे जाणार? दुसऱ्या एखाद्या काचेमागेच.

दार्जिलिंगनेही हा नियम अगदी काटेकोर पाळलेला नाही. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांनी १९६० मध्ये भारताला सायबेरियन वाघांची जोडी भेट दिली, ती याच उद्यानात आली. २०२३ च्या अखेरीस सायप्रसहून पुन्हा सायबेरियन वाघांची एक जोडी आली, तीही लाल पांडांच्या बदल्यात. मला हा सौदा फारसा पटत नाही. गर्दी खेचायला वाघ लागतो, हे मला समजतं. तिकिटांच्या पैशांतून लाल पांडांचं काम चालत असेल, तर वाघाचाही त्याला हातभार लागतो असं कुणी म्हणेल. पण ज्या संस्थेचं नावच हिमालयीन आहे तिने 'फक्त हिमालय' असं ठामपणे म्हणावं, अशी माझी अपेक्षा आहे. चांगल्याकडूनच जास्त अपेक्षा ठेवतात. आमचे ड्रिलचे उस्ताद रोज हेच सांगतात.

दुसरा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. तो म्हणजे परत पाठवणं.

या उद्यानात १९८३ पासून हिमबिबट्यांचं प्रजनन सुरू आहे. लाल पांडांचं काम १९९० च्या दशकात उभं राहिलं. त्यासाठी युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतूनही काही लाल पांडा आणले गेले. कारण थोड्याच प्राण्यांमध्ये पुन्हा पुन्हा जोड्या लावल्या तर रक्त जवळचं होत जातं आणि पिल्लं कमजोर निपजतात. म्हणून प्रत्येक प्राण्याची आई कोण, बाप कोण, याची नोंदवही ठेवतात आणि ती पाहूनच जोडी ठरवतात. प्रजननाचं मोठं काम लोकांना दिसतही नाही. ते तोपकेदाराच्या केंद्रात चालतं आणि तिथे प्रेक्षकांना प्रवेश नाही. हे मला फार आवडलं. जे प्राणी जंगलात जायचे आहेत त्यांना माणसांची सवय लागू नये, म्हणून त्यांना आपल्यापासून लपवून वाढवायचं. प्राणिसंग्रहालयाचं सर्वांत चांगलं काम प्रेक्षकांना दिसत नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण ते तसंच आहे. २०२४ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या मदतीने तिथे जैवपेढीही सुरू झाली. तिच्यात प्राण्यांच्या पेशी अतिथंड अवस्थेत जपून ठेवतात.

२००३ मध्ये या उद्यानात वाढलेल्या दोन लाल पांडा माद्या, स्वीटी आणि मिनी, सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आल्या. सिंगालीला दार्जिलिंग जिल्ह्यातच, नेपाळच्या सीमेला लागून आहे. दोघींना एकदम जंगलात सोडलं नाही. आधी जंगलातच मोठं कुंपण घालून त्यात ठेवलं, तिथली झाडं, तिथला बांबू, तिथले आवाज यांची सवय होऊ दिली आणि मग दार उघडलं. मिनीला पुढे एका शिकारी प्राण्याने मारलं. स्वीटी जगली. तिला जंगलातला जोडीदार मिळाला आणि झाडाच्या ढोलीत तिने पिल्लाला जन्म दिला. त्यानंतर बराच काळ गेला आणि २०२२ ते २०२४ या काळात आणखी नऊ लाल पांडा सिंगालीलात सोडले गेले. त्यांच्यातल्या माद्यांनाही जंगलात पिल्लं झाली आहेत.

नऊ हा आकडा लहान वाटेल. पण ज्या जंगलात एखादा प्राणी मोजकाच उरला आहे, तिथे नव्या रक्ताच्या नऊ जणांची भर म्हणजे थोडी नव्हे. शिवाय हा आकडा मोजण्याची दिशाच वेगळी आहे. इतर ठिकाणी पाटीवर लिहिलेलं असतं, 'आमच्याकडे इतके प्राणी आहेत.' इथे सांगता येतं, 'आमच्याकडून इतके गेले.'

आता मित्रांचा आक्षेप. रात्री यावर आमची खूप वादावादी झाली. एक जण म्हणाला, "पिंजरा तो पिंजराच. तो हिमबिबट्या पाहिलास ना? एकाच वाटेवर फेऱ्या मारत होता." हे खरं आहे. शरीराच्या जवळजवळ बरोबरीची ती लांब शेपटी कड्यांवरून उड्या मारताना तोल सांभाळण्यासाठी असते, आणि तिथे कडा नव्हता. तो जाळीच्या कडेने जायचा, कोपऱ्यात वळायचा आणि परत यायचा. लाल पांडा परत गेले, तसा हिमबिबट्या जाऊ शकलेला नाही. पिंजऱ्यात वाढलेल्या शिकारी प्राण्याला शिकार शिकवणं अवघड, आणि माणसाची भीती गेलेला शिकारी पाळीव जनावरांकडे वळला तर त्याचा आणि गावकऱ्यांचा दोघांचाही जीव धोक्यात. म्हणजे त्या प्राण्याने आपलं सगळं आयुष्य आपल्या जातीसाठी राखीव साठा म्हणून काढायचं. त्याला कुणी विचारलेलं नाही. या आक्षेपाला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही आणि ते कुणाकडे असेल असंही मला वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कोंडून ठेवण्याची किंमत एवढी मोठी असेल, तर ती करमणुकीसाठी मोजायला आपल्याला अधिकार नाही. ती मोजायचीच असेल तर जात वाचवण्यासाठी, आणि तीही जिथे बाकीचे उपाय पुरे पडत नाहीत तिथेच.

दुसरा मित्र हसत म्हणाला, "मग आपण काय वेगळे? आपणही कुंपणातच वाढतोय. शिट्टी झाली की उठा, शिट्टी झाली की जेवा." सगळे हसले, पण मला त्याचं बोलणं मुद्द्याचं वाटलं. निवासी शाळेला भिंत असते, फाटकावर पहारा असतो, सुट्टीचे दिवस मोजावे लागतात. तरी तिला कुणी तुरुंग म्हणत नाही. का? कारण ती बाहेर पाठवण्यासाठी आहे. इथे येणाऱ्या प्रत्येकाला एक दिवस बाहेर जायचं आहे, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं. बाहेर जाण्यात धोका आहे हेही सगळ्यांना माहीत असतं. आमच्या पालकांना तर ते आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मिनी गेली म्हणून स्वीटीला परत आणलं नाही आणि हे कामही कायमचं बंद केलं नाही. कुंपणाला अर्थ येतो तो त्यातल्या दारामुळे.

पिंजऱ्याचा दुसरा अर्थ मला माझ्या गावामुळे माहीत आहे. माझं गाव जुन्नर तालुक्यात आहे. आमच्याकडे 'पिंजरा लावला' म्हणजे उसाच्या कडेला वनखात्याने बिबट्यासाठी पिंजरा ठेवला. ऊस उंच, दाट आणि पाण्याजवळ. बिबट्याला लपायला आणि पिल्लं वाढवायला त्याहून सोयीची जागा नाही. शेळ्या जातात, कुत्री जातात, कधी माणूसही जातो. मग लोक म्हणतात, "धरा आणि नेऊन टाका कुठेतरी." त्यांचा राग मी समजू शकतो, संध्याकाळी आजोबा मला अंगणापलीकडे जाऊ देत नाहीत. पण 'कुठेतरी' म्हणजे कुठे? जवळच माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. तिथे पोचलेल्या सगळ्यांनाच पुन्हा बाहेर सोडता येत नाही. काहींचं उरलेलं आयुष्य तिथेच जातं. एकदा रान हातातून गेलं की पिंजरा कितीही मोठा बांधला तरी पुरत नाही, हे आम्ही जुन्नरकर रोज पाहतो. म्हणून दार्जिलिंगमध्ये मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट उद्यानात नव्हतीच. ती होती सिंगालीला. परत जायला जंगल शिल्लक होतं, म्हणून परत पाठवता आलं.

आपल्या शाळेतल्या मुलांसाठी यात आणखी एक धडा आहे. २०२४ च्या सुरुवातीला भारतातल्या हिमबिबट्यांची पहिली देशव्यापी मोजणी जाहीर झाली. एकूण ७१८. त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये, म्हणजे जिथे आपलं सैन्य वर्षभर उभं असतं तिथेच. त्या उंचीवर त्याच्यापुढचं एक मोठं संकट आहे भटकी कुत्री. गावं, पर्यटकांचे तंबू आणि लष्करी छावण्या यांच्या खरकट्यावर ती वाढतात. टोळ्या करून ती भरलांची पिल्लं मारतात, पक्ष्यांची घरटी उद्ध्वस्त करतात, हिमबिबट्याला त्याच्या शिकारीवरूनही हाकलतात. आपल्यातले काही जण दहा वर्षांनी अशाच एखाद्या चौकीवर असतील. मेसमधलं खरकटं उघड्यावर टाकायचं की नाही, हा निर्णय तेव्हा कुणा मंत्र्याचा नसेल, त्यांचा असेल. सवय मात्र आजच लागते. आपल्या मेसमागे रोज संध्याकाळी किती कुत्री जमतात ते एकदा मोजून पाहा.

आणि शेवटी आपला सह्याद्री. आपणही डोंगरातलीच माणसं आहोत. शेकरू आपला राज्यप्राणी, पण किल्ल्यांवर दहादा गेलेल्या कितीजणांनी तो पाहिला आहे? भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ मध्ये झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. आपल्या कड्यांवर एके काळी गिधाडं मुबलक होती. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे ती देशभर झपाट्याने नाहीशी झाली. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते औषध गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोवर फार उशीर झाला होता. हरयाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये आपल्या ताडोबात आणि पेंचमध्ये आणली गेली. म्हणजे वाढवून परत पाठवण्याची ही पद्धत आता महाराष्ट्रातही पोचली आहे. मग फक्त सह्याद्रीचं असं एक प्राणी उद्यान का असू नये? तिथे शेकरू असेल, गिधाडं असतील, घाटातले साप आणि बेडूक असतील; सिंह नसेल, पेंग्विन नसेल. आणि जवळच्या एखाद्या रानाशी ते बांधलेलं असेल, म्हणजे वाढवलेल्यांना जायला जागा राहील.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. शिक्षकांना विनंती आहे की पुढच्या तुकडीच्या दार्जिलिंग सहलीत प्राणी उद्यानाला चाळीस मिनिटांऐवजी अर्धा दिवस द्यावा. ते गुरुवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवावं. पालकांना विनंती आहे की सुट्टीत मुलांना घेऊन जाताना, 'तिथे काय काय आहे?' याच्या जोडीला 'तिथून काय परत गेलं?' हेही विचारावं. आणि मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगतो: जाळीवर टकटक करू नका, शिट्ट्या मारू नका. झोपलेल्या लाल पांडाला उठवून तुम्हाला फोटो मिळेल. पण तो तिथे आपल्या फोटोसाठी नाही. कदाचित उद्या त्याची पाळी असेल, आणि सिंगालीलाच्या रानात त्याला हाका मारणारं कुणी नसेल.